बोटानं उतरवलेली पोथी

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर पोथी गाणाऱ्याचा आवाज पोचतो, माझा पोचत नाही, आणि आज सांगणारा मी आहे. सूर्यफुलाच्या बिया घ्या, टरफलं बशीत टाका, जमिनीवर नको. झाडायला आता घरात मी एकटाच आहे. एका पोथीची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे, फक्त ती माझ्या बाबतीत घडली एवढंच.

मी फान चिंगयाओ. धान्याच्या सरकारी कोठारात एकतीस वर्षं पाट्या लिहिल्या. ‘तांदूळ’, ‘गहू’, ‘विडी ओढू नये’, ‘पोत्यांवर बसू नये’. सगळं ब्रशनं. नव्या वर्षाला आमच्या गल्लीत दारांवर ज्या लाल पट्ट्या लागतात, त्याही माझ्याच हातच्या. माझं अक्षर वाहतं असतं. एक रेघ दुसरीत कधी शिरली ते कागदालाही कळत नाही. ब्रश उचलायचा तो फक्त श्वास घ्यायला. हे मी गर्वानं सांगत नाही. गर्वानं सांगायचं म्हटलं तर आणखी बरंच आहे.

पण एकतीस वर्षांत ‘ही पाटी कुणी लिहिली हो?’ असं एकानंही विचारलं नाही. लोक पाटी वाचत आणि पोत्यावर बसत.

निवृत्त झाल्यावर मला एकच व्यसन लागलं, पोथी ऐकण्याचं. आमच्या यांगत्सेकाठच्या गावांत सणावाराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोथी गातात. वेंग गुरुजी टेबलाशी बसायचे, समोर पोथी, उजव्या हाताला लाकडी मासा, त्यावर टकटक ठेका. कडवं संपलं की आम्ही बाकावरचे सातआठ जण सूर लांबवून ‘नामो अमिथोफो’, म्हणजे अमिताभ बुद्धाला नमन, असं म्हणायचो. मी डावीकडून दुसरा. देवाशपथ सांगतो, त्या सुरात माझं धान्यकोठार, माझी सांधेदुखी, माझं सगळं विरघळून जायचं.

गुरुजींचे नियम कडक. पोथी समोर उघडी हवी आणि तीत जे लिहिलंय तेच गायचं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. पोथी पाठ असली तरीही. “न बघता गातो तो स्वतःला गातो,” असं म्हणायचे. आणि पोथी संपली की शेवटी नकलणाऱ्याचं नाव गायचं. पोथी हातानं उतरवणं हे मोठं पुण्य. म्हणून ज्यानं उतरवली त्याचं नाव घेतलं जातं आणि सगळा बाक त्याच्यासाठी सूर लावतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा न्हाव्याचं नाव आम्ही दर वसंतात गातो. न्हाव्याचं. मी त्या न्हाव्यासाठी सूर लावायचो आणि मनात म्हणायचो, एकदा, एकदाच या बाकावरून माझं नाव गायलं जावं. तेवढ्यासाठीच पुढचं सगळं घडलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी भला माणूस समजायला नको.

वैशाखाच्या सुमाराला गुरुजींनी सांगितलं, की नवव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, करुणेची देवी क्वानयिन मातेच्या सणाला, यंदा मीठवाल्या विधवेची पोथी होणार नाही. ती पोथी फक्त त्यांच्याकडे होती. जुनं सगळं गुन्हा ठरलं आणि पोथ्या जाळल्या गेल्या, त्या काळात त्यांच्या वडिलांनी ती आठवून आठवून शाळेच्या वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. पेन्सिल फिकी झाली, गुरुजींचे डोळे त्याहून फिके. “अक्षरं मुंग्यांसारखी पळतात रे,” ते म्हणाले.

मी उभा राहिलो. “गुरुजी, टॅबवर अक्षर बशीएवढं करता येतं. पोथी मी उतरवतो.”

“सात हजार अक्षरं आहेत.”

“मी एकतीस वर्षं अक्षरांतच काढली आहेत,” मी म्हणालो. बाकावरचे माझ्याकडे बघत होते. फार छान वाटलं.

टॅब आमच्या घरी होता. सूचौ शहरात राहणाऱ्या लेकीनं तो आईला दिला होता. माझी बायको कन्मेई त्यावर गल्लीच्या सामायिक खरेदीचे निरोप लिहायची, कोबी कितीला, अंडी कधी येणार, असले. बोटानं चौकटीत अक्षर काढायचं, टॅब ते ओळखून छापील करतो. ज्या यंत्राला बायकोचा कोबी कळतो त्याला माझी पोथी का कळू नये, असा माझा साधा हिशोब.

मी बाह्या सावरल्या, बोट टेकवलं आणि पहिलं अक्षर काढलं, ‘मीठ’. जुन्या लिपीत चोवीस रेघांचं अक्षर आहे. मी ते एका श्वासात, एका वळणात काढलं. असं उतरलं होतं की चौकटीत घालून भिंतीला लावावं. टॅबनं थोडा विचार केला आणि विचारलं: ‘बदक’?

पुन्हा काढलं. ‘छत’? पुन्हा काढलं. ‘कृपया स्पष्ट लिहा.’

कृपया स्पष्ट लिहा. मला. तीन दिवसांत एकोणीस अक्षरं झाली, त्यांतली सहा चुकीची.

शेजारचे यिन, वीजमंडळातले निवृत्त मीटरवाले, सल्ला द्यायला आले. सल्ला देण्यासाठी यिनना बोलवावं लागत नाही, दार उघडं असलं तरी पुरतं.

“फानदादा, लिहिता कशाला? बोला. तो ऐकून लिहितो.”

मी पोथीची ओळ म्हटली. टॅब राजधानीची भाषा शिकून आलेला. आमची बोली ऐकून तो पाहुण्यासारखा नुसता हसऱ्या तोंडानं बसून राहिला.

“मग उच्चाराची बटणं दाबा, उच्चारावरून अक्षर येतं. नातवंडं नाही का दाबत?”

“ते उच्चार मला येत नाहीत.”

“शाळेत शिकवले असतील की.”

“आमच्या मास्तरांनाच येत नव्हते.”

“मग फोटो काढा. फोटोवरून अक्षरं आपोआप सुटी होतात.” त्यांनी स्वतःच काढला. पेन्सिलीच्या त्या फिक्या पानाकडे बघून टॅब म्हणाला, ‘या पानावर मजकूर आढळला नाही.’ गुरुजींच्या वडिलांनी जीव धोक्यात घालून लिहिलेलं पान. मी टॅब पालथा घातला.

कन्मेई पलीकडे शेंगा सोलत होती. ती हात पुसत आली. “सरक, म्हाताऱ्या. काय लिहायचंय?”

“मीठ. चोवीस रेघा आहेत. तुला नाही जमायचं.”

माझी बायको तिसरीत शाळेतून निघाली. तिचं अक्षर म्हणजे तांदळातले खडे वेचल्यासारखं: एक रेघ, थांबायचं, दुसरी रेघ, थांबायचं. बोटाला वर्षानुवर्षांच्या भाजी धुण्यानं भेगा पडलेल्या, म्हणून टॅबला तो स्पर्शच कळेना. तिनं बोट तेलाच्या बरणीत बुडवलं, पदराला पुसावं तसं एप्रनला पुसलं आणि वहीत बघून चोवीस रेघा काढल्या. एकेक. टॅबनं लगेच ‘मीठ’ छापलं. विचारलंसुद्धा नाही.

“असं लिहायचं,” ती म्हणाली. “लहान मूल जिना चढतं तसं. तू धावत खाली येतोस.”

यिननी हे गल्लीभर केलं. “फानदादांचा हात नापास झाला, वहिनी पास,” असं. दुसऱ्या दिवशी मासळीवाल्यानं मला विचारलं, “यंदाच्या लाल पट्ट्या वहिनी लिहिणार म्हणे?” मी त्याच्याकडून महिनाभर मासळी घेतली नाही. त्याला ते समजलंही नसावं.

तेव्हा असं ठरलं, की मी वहीतून वाचायचं आणि तिनं लिहायचं. ठरवलं मी, म्हणजे तिनं टॅब घेतला आणि मी वाचायला लागलो. दुपारी जेवणं झाली की जेवणाच्या टेबलाशी, उन्हाळाभर. पंखा तिच्याकडे लावायचा नाही, वहीची पानं उडतात. ती घामानं भिजायची, बोट तेलात बुडवायची आणि एकेक रेघ.

पोथीतली विधवा मीठ विकून सासूला पोसते आणि सासू वारल्यावर तिला सोडवायला नरकाच्या नऊ दारांमधून जाते. मला प्रत्येक दाराशी भरून यायचं. कन्मेई मध्येच थांबून विचारायची, “या सासूनं जिवंत असताना एकदा तरी सुनेला विचारलं का, जेवलीस का म्हणून?”

“पोथीत तसं नाही.”

“तेच म्हणते मी. लिही पुढे. म्हणजे वाच.”

टॅबला आणखी एक खोड होती. एक अक्षर लिहिलं की पुढची चार तो स्वतःच सुचवायचा, आणि इतकी वर्षं कन्मेईच्या निरोपांवर वाढलेला असल्यामुळे त्याला दुनियेत फक्त बाजार माहीत होता. ‘माता करुणेनं उतरली’ असं लिहिलं की तो पुढे करायचा: ‘पाचनंतर निम्म्या भावात’. ‘सातव्या दारी ती उभी राहिली’ की: ‘ताजे खेकडे, आलं मोफत’. बोट तेलकट, चुकून लागायचं, आणि मीठवाल्या विधवेच्या हातात कोबी यायचा. मी तपासत होतो. डोळ्यांत तेल घालून तपासत होतो, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

भाद्रपद सरताना शेवटची ओळ आली. मी घसा साफ केला. “लिही: फान चिंगयाओ यानं शुद्ध अंतःकरणानं उतरवली.”

तिचं बोट चौकटीवर थांबलं. “शुद्ध अंतःकरणानं हेही लिहायचं?”

“तशी रीत आहे.”

“बरं.”

“हे बघ, वाचून मी दाखवलं. वाचण्यातच खरी मेहनत. लिहिणं काय, बोट फिरवायचं.”

“मी कुठे काय म्हटलं,” ती म्हणाली आणि माझं नाव लिहिलं. एकेक रेघ. माझं नाव इतकं सावकाश लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आता तुम्हाला वाटेल संपलं. पण जाहीर जागी पोथी गायची तर तिचा मजकूर गावच्या सांस्कृतिक कचेरीत नोंदवावा लागतो, आणि नोंदणी मोबाइलवर. खिडकीत निंग नावाची मुलगी बसते. स्वभावानं गोड. ती फक्त एवढंच म्हणते, की काका, ते मोबाइलवर करायचं. मी म्हणालो, मी समोर उभा आहे, मजकूर हातात आहे. ती म्हणाली, “हो काका, पण तुम्ही अजून दिसत नाही आहात.” तिच्या पडद्यावर, असं तिला म्हणायचं होतं.

घरी येऊन मी दिसायला लागलो. मोबाइलनं मान डावीकडे वळवायला सांगितली, डोळे मिचकावायला सांगितले, तोंड उघडायला सांगितलं. खिडकीतून यिन बघत होते. त्यांना वाटलं मला झटका आला. चेहरा मान्य झाला. मग आली सही. ‘नकलणाऱ्यानं चौकटीत बोटानं आपलं नाव लिहावं.’

मी सही केली. कोठाराच्या पावत्यांवर चाळीस हजार वेळा केलेली सही. ‘नाव जुळत नाही.’ पुन्हा. ‘नाव जुळत नाही.’ तिसऱ्यांदा मी इतकं हळू लिहिलं की माझी मलाच कीव आली. ‘नाव जुळत नाही. उद्या प्रयत्न करा.’ असं चार दिवस. सणाला नऊ दिवस उरले होते.

पाचव्या दिवशी कन्मेईनं शेंगांचं टोपलं खाली ठेवलं. “दे इकडे.”

“खोटी सही होईल.”

“पोथी मी लिहिली तेव्हा नाही झाली ती खोटी?” एवढंच ती बोलली. या सगळ्या प्रकरणात तिचा टोमणा म्हणावा असा तो एकच. तिनं बोट तेलाला लावलं आणि ‘फान चिंगयाओ’ लिहिलं. ‘अभिनंदन. तुमचं हस्ताक्षर कायम नोंदवलं आहे.’

सणाच्या दिवशी देवळाशेजारची खोली भरली होती. गुरुजींसमोर टॅब, अक्षर बशीएवढं. ते नाक पडद्याला लावून गात होते. आवाज पूर्वीचाच. पहिल्या दारापाशीच माझे डोळे भरले. सातव्या दारापाशी गुरुजी क्षणभर थांबले. मासा एकदाच वाजला. आणि मग त्यांनी स्वच्छ सुरात गायलं, की सातव्या दारी ती उभी राहिली, ताजे खेकडे, आलं मोफत.

बाकावरच्यांनी देवीच्या मूर्तीकडे पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांचा उपास, देवीपुढे मासळीचं नावसुद्धा घ्यायचं नाही. गुरुजींनी ओळ संपवली, आमच्याकडे मान वळवली आणि वाट बघत राहिले. रीत म्हणजे रीत. आम्ही सगळ्यांनी सूर लांबवला: नामो अमिथोफो. मीही. मागे यिन खुर्चीवरून घसरले.

नंतर मी पाय धरायला गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, “पोथीत होतं ते गायलो. खेकड्यालाही आत्मा असतोच.”

पण त्याच्या आधी शेवट आला होता. गुरुजींनी गायलं, फान चिंगयाओ यानं शुद्ध अंतःकरणानं उतरवली, आणि सगळ्या खोलीनं माझ्यासाठी सूर लावला. एकतीस वर्षं पाट्या लिहून जे मिळालं नव्हतं ते मिळालं. स्वयंपाकखोलीच्या दारात कन्मेई उभी होती, दोनशे माणसांच्या नूडल्स उकळून चेहरा लाल झालेला, हातात झारा. तीही सूर लावत होती. माझ्या नावासाठी. डोळे मिटून, मनापासून. ते सुख मला एक श्वासभर पुरलं. नंतर तिच्या हातातला तो झारा दिसत राहिला, तो अजून दिसतो.

घरी जाताना तिनं विचारलं, “नाव गायलं की तुझं. मग तोंड असं का?”

“खेकड्यामुळे,” मी म्हणालो.

ती कालव्याच्या पुलावर थांबून हसली. कठड्याला धरून हसली. तेव्हा सांगायला हवं होतं. मी ठरवलं, नव्या वर्षानंतर कचेरीत जाऊन ओळ बदलून आणू, तिला न सांगता, म्हणजे पुढच्या सणाला एकदम ऐकेल. मी मोठा योजना करणारा माणूस.

बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी सकाळी ती सणाची आठ धान्यांची पेज ढवळत होती. “जरा बसते,” म्हणाली आणि स्टुलावर बसली. पेज लागल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो.

सुतकात लाल चालत नाही, म्हणून त्या वर्षी आमच्या दारावर पट्ट्या लावायच्या नव्हत्या. मी कुणासाठीच लिहिल्या नाहीत.

सुतकाचे दिवस संपले तसा मी कचेरीत गेलो. निंगला म्हणालो, शेवटच्या ओळीतलं नाव बदलायचंय.

“ज्यानं नोंदवलं त्यानंच सही करायची, काका. मोबाइलवर. पहिल्या सहीशी जुळली की झालं.”

मी तिथेच केली. ‘हस्ताक्षर जुळत नाही. आपण फान चिंगयाओ नाही.’

“काका, तुम्ही तुमची नेहमीची सही करा ना.”

“हीच माझी नेहमीची आहे.”

“मग ती पहिली कुणाची?”

मी मनात हिशोब केला. ती पहिली माझी नव्हती म्हटलं तर नोंदणी खोटी, नोंदणी खोटी तर पोथी रद्द, पोथी रद्द तर ती पुन्हा कुणी गायची नाही. वेंग गुरुजींचे डोळे तोवर पुरते गेले होते, त्यांचा शिष्य आता त्या नोंदलेल्याच प्रतीवरून गातो. कन्मेईचं एकेक अक्षर पुसलं गेलं असतं. खरं बोलावं तर ती जाते, खोटं बोलावं तरी ती जाते.

“निदान खेकडे तरी काढता येतील?” मी विचारलं.

“त्यालाही तीच सही लागेल,” निंग म्हणाली आणि पडद्यात बघून हळूच पुढे म्हणाली, “पण खेकडे कुणाला त्रास देत नाहीत ना, काका?”

देत नाहीत. खेकड्यांना पोथीत कायमची जागा मिळाली, आल्यासकट. सरकारी शिक्क्यानं. जिनं लिहिली तिला नाही.

मी गुरुजींकडे गेलो. ते हल्ली आमच्याच बाकावर बसतात, डावीकडून पहिले. सगळं सांगितलं, शुद्ध अंतःकरणासकट. म्हटलं, तुम्ही तरी एकदा तिचं नाव घ्या. त्यांनी माझा हात चाचपून धरला. मग म्हणाले, “मी आता बाकावरचा, चिंगयाओ. बाकावरून एकच शब्द म्हणता येतो. तोही दुसऱ्यानं गायल्यावर.”

तेव्हापासून मी शिकतो आहे. दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसतो, बोटाला तेल लावतो आणि माझं नाव तिच्या हातानं लिहायचा प्रयत्न करतो. एक रेघ, थांबायचं. दुसरी रेघ, थांबायचं. दिवसाला तीन संधी मिळतात. हात धावायला बघतो, त्याला धरून ठेवतो. यिन खिडकीतून बघतात आणि हल्ली सल्ला देत नाहीत. एकदा मला वाटलं, आता जुळणार. रेघा अगदी तिच्यासारख्या, खडे वेचल्यासारख्या उतरल्या होत्या. ‘जवळपास जुळतं,’ मोबाइल म्हणाला, ‘पण ही व्यक्ती वेगळी आहे.’ खोटं नाही बोलला.

आता तुम्ही एवढं ऐकलंत तर एक मागणं आहे. नवव्या महिन्याच्या एकोणिसाव्याला देवळाशेजारी या. सातव्या दारापाशी हसू येईल, ते दाबून धरा. शेवटी माझं नाव गायलं जाईल. तेव्हा सूर मोडू नका, सगळ्यांबरोबर लावा, पण ओठांच्या आत माझ्या नावाच्या जागी थाओ कन्मेई असं म्हणा. थाओ हे माहेरचं, आमच्याकडे बायकांचं तेच राहतं. माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं ते पोचेल की नाही, मला खात्री नाही. तुम्ही चार जणांनी तिची आठवण ठेवलीत, तर पोचेल असं वाटतं.